खापर

मांड्यांचं खापर मी स्वयंपाकघरातून उचललं
तेव्हा सिंधूमावशी दारापर्यंत मागे आल्या,
"मन्हं खापर फुटनं ते भरी कोन दी?"
मी म्हटलं, मी.

पाल. आश्रमशाळेचा व्हरांडा. चौदा जण.
वनमजूर, होमगार्डची रुख्मा,
केळीच्या ट्रकवरचा लुकमान तडवी,
आणि मागे खांबाला टेकून खेमसिंग पावरा.

खापर पालथं घातलं.
काळ्या पाठीवर, दोन-दोन बोटं सोडून,
ओल्या खडूनं एकेक कडं काढलं.
आता उभे राहा, वरून बघा.
डोंगर चपटा झाला.
"केळीचं खोड कापल्यावर दिसतं तसं," लुकमान म्हणाला.
तसंच.
कडी लांब लांब, तिथे बैल चढेल.
कडी चिकटली, तिथे दोर लागेल.
कड्यात कडं मिसळलं
तर वरून हाक मारायची, उतरायचं नाही.

मग टोपोशीट उलगडली,
चार कोपऱ्यांवर चार कच्ची केळी.
नदी निळी का, नाव तर सुकी?
नावावर जाऊ नका, रंगावर जा.
खेमसिंग बोलला तो एकदाच :
"आमचा पाडा नाही यात."
मी पेन्सिल दिली.
त्यानं रस्ता शोधला नाही. टेकडीचा खांदा शोधला,
तिथे अकरा ठिपके दिले, मोजून,
आणि बारावा जरा लांब.
मोठा भाऊ. वेगळा निघालेला.

शेवटी ते आलं, जे मी दरवेळी शेवटावर ढकलते.
रेषा टोकदार वळतात. ही सोंड. ही घळ.
जुळ्या बहिणी.
टोक उताराकडे, तर सोंड. चढाकडे, तर घळ.
आणि उतार कुठला ते रेषा सांगत नाही,
आकडा सांगतो. तपकिरी, मुंगीएवढा.
तो वाचल्याशिवाय बोट पुढे न्यायचं नाही.

"चुकलं तर?" रुख्मानं विचारलं.

तोरणमाळच्या अंगाला, नऊ वर्षांपूर्वी,
दीड दिवस आम्ही एक सोंड पिंजून काढली.
हरवलेला माणूस उतार धरतो, पाण्याकडे जातो,
हे मला तेव्हाही पाठ होतं.
मुलगा घळीत होता.
अहवालात मी लिहिलं, नकाशा जुना.
कागदाच्या माथी खापर फोडलं.
कागद काय बोलणार.
आकडा त्यावर होता. अजून आहे.

रुख्माला म्हटलं,
चुकलं तर मागे फिरायचं,
शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत.

संध्याकाळी मावशींनी खापर उजेडात धरून
तडा शोधला. नव्हता.
काठाजवळ एक कडं तेवढं पुसायचं राहिलेलं.
"ऱ्हाऊ दे, चूल खाई जाई."

पहिला मांडा उतरला.
लुकमाननं तो दोन्ही हातांवर घेऊन उलटापालटा पाहिला.
"मॅडम, यात आकडा नाही."
सगळे हसले.
मीही, जरा उशिरानं.