माशाचे डोळे

रबाळ्याला, पाइपलाइनच्या अलीकडे, आमच्या गाळ्यात
पाचशे लिटरची एक टाकी आहे
आणि त्या टाकीवर हसुराम मढवी.
कानामागे पेन्सिल, गळ्यात थर्मामीटरची दोरी,
बॅचशीटवर सही मात्र भातशेताएवढी लांब.

मार्चपर्यंत काम सोपं होतं.
शाम्पू पातळ वाटला की मीठ.
एक मग, ढवळ, बघ. अर्धा मग, ढवळ, बघ.
मीठ घट्ट करत नेतं एका टोकापर्यंत,
त्यापुढे मूठभर जरी जास्त पडलं
तरी अख्खी टाकी सैल होत जाते.
ते टोक मी आलेखावर काढायचे,
हसुरामला मनगटात कळायचं.
त्याचा बाप मिठागरात होता,
घणसोलीच्या खाडीला, जिथे आता
सोसायटीचे बदामी रंगाचे मजले आहेत.

मग बेलापूरची पार्टी आली.
सल्फेट नको. मीठ नको. लेबलवर एक झाड हवं.
"मीठ नको म्हंजे?" हसुराम म्हणाला,
"अलनी शाम्पू?"

झाड गोणीतून आलं.
पांढरी भुकटी, वास नाही, चव नाही,
लाकडाच्या लगद्यातून किंवा सरकीला चिकटून राहिलेल्या
आखूड तंतूंतून काढलेलं सेल्युलोज,
रसायनांच्या हातून जरा मवाळ झालेलं.
जे खोडाला उभं धरतं
ते इथे पाण्याला धरणार होतं.

पहिली बॅच माझ्या हातची. घाई केली.
गार पाण्यात पाच किलो, एकदम.
गाठी झाल्या,
बाहेरून बुळबुळीत, आत कोरड्या ठणठणीत.
"ह्यांना माशाचे डोळे म्हणतात," मी म्हटलं,
पुस्तकातलं.
हसुरामनं एक गाठ तळव्यावर घेतली, नखानं फोडली.
आतून पीठ उडालं.
"मासा ताजा का शिला, डोला बगून कलतं.
हा डोला आंधला हाय गो."

पहाटेपर्यंत गाळत बसलो. मलमलीची तीन फडकी फाटली.
मालकांनी काही विचारलं नाही,
नुसता कॅल्क्युलेटर पुढे ओढला.

दुसऱ्यांदा पाणी पंचाहत्तरला नेलं.
हे उकडीच्या अगदी उलट आहे:
तांदळाचं पीठ गरम पाण्यात फुलतं,
हे गरम पाण्यात अंग चोरून बसतं,
कण कणाला शिवत नाही,
आणि पाणी निवायला लागलं
की एकेक जण सैलावतो.
हसुराम चाळणीनं भुरभुरत राहिला
भोवऱ्याच्या कडेवर, चाळीस मिनिटं,
दारात रांगोळी घालणाऱ्या बाईच्या धीरानं.

पण मग काहीच होईना.
साठ अंश. पाणी ते पाणी.
"अजून टाकू?"
नको.
पंचावन्न. "थोडी?"
नको म्हटलं ना.
त्याचा हात सवयीनं कोपऱ्यातल्या
मिठाच्या गोणीकडे गेला,
दोरीची गाठ चाचपून परत आला.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
मी त्याला नुसतं उभं राहिलेलं पाहिलं,
हातांचं काय करावं ते न कळून.

रात्री अडीचच्या सुमाराला,
मी स्टुलावर पेंगत असताना, तो म्हणाला,
"मोटर जड झाली."
मला फरक ऐकू आला नाही.
व्हिस्कोमीटर लावला. चार नंबरचा स्पिंडल.
आकडा चढत होता.

सकाळी नमुन्याची बाटली त्यानं उलटी धरली.
बुडबुडा निघाला तळातून,
वाटेत थांबला, जणू कुणी हाक मारली म्हणून,
मग पुन्हा निघाला.
एवढ्यात हसुरामचा चहा निवला.

घरी नेलेल्या पुडीवर त्याच्या सुनेचा निकाल आला:
केस मऊ, फेस काहीच नाय, पैसे कशाचे घेता?

बॅचशीटवर मिठाचा रकाना अजून छापलेला आहे.
हसुराम तो कोरा सोडतो.
कोरा चालत नाही, ऑडिटवाले धरतात, मी सांगितलं,
तिथे शून्य लिहावं लागतं.
त्यानं कानामागची पेन्सिल काढून
माझ्या हातात दिली.
"तू लिव."