शनिवारचा वर्ग

नेरूळला, बँकेच्या वर, दुसऱ्या मजल्यावर
दर शनिवारी साडेअकराला मी शिकवते.
फळा नाही. सात प्लास्टिकच्या खुर्च्या, एक आरसा,
आणि सरावापुरत्या साध्या पाण्याच्या बाटल्या.

आज पाच जण.
दिवाळे गावची हर्षिका, मासळीच्या टेम्पोतून आलेली,
वडील खाली अजून गाडीला जागा शोधताहेत.
तुर्भ्याचा ऋत्विज, बाप कांदा-बटाटा मार्केटात माथाडी.
सानपाड्याचे जुळे, दोघांतल्या एकालाच आहे हे,
दुसरा उगाच येतो आणि सगळ्यांत नीट ऐकतो.
आणि तसनीम, नऊ वर्षांची, उजवीकडे भिंतीला टेकून.

खालची पापणी ओढा. खिसा झाला ना?
त्यात एक थेंब. एकच.
दोन टाकले म्हणून दुप्पट गुण येत नाही,
गालावरून ओघळतो तो घरच्या पगाराचा थेंब.
आता डोळा मिटा, नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबा,
नाहीतर औषध घशात उतरतं, कडू लागतं.
दोन मिनिटं.
ऋत्विज बाप गोण्या मोजतो तसं मोजतो,
पाचापाचाच्या जुड्यांत. चालेल.

दारातून जुळ्यांची आई विचारते,
मॅडम, हे बरं कधी होणार?

तो शब्द मी चपलांसोबत बाहेर काढून येते.
फार स्वस्त झालाय तो आपल्यात.
फोन ठेवताना बरं, भाजी महाग निघाली तरी बरं,
समजूत पटली नाही तरी बरं.
काचबिंदूला तो चालत नाही.
मी सांगते, गेलेलं परत येत नाही.
राहिलेलं राहू शकतं,
रोज सकाळी आठ, रात्री आठ,
मामाच्या लग्नात, सहलीत, गणिताच्या पेपराच्या आदल्या रात्रीसुद्धा.
आईचा चेहरा उतरतो.
मुलांचा नाही. मुलं विचारतात, क्रिकेट?
हो.
शीर्षासन?
ते नको.
जुळ्यांतला आजारी हुश्श करतो, शाळेत योगाचा तास असतो.

ऋत्विजची बाटली मी उजेडात धरते.
फारच हिशेबात संपलीय.
खऱ्या बाटलीतले थेंब चुकतात रे,
उशीवर पडतात, भावाच्या धक्क्याने कानात जातात.
बेसिनमध्ये टाकतोस?
तो नखं बघतो.
"काही दुखतच नाही ना ताई."
हो. दुखत नाही.
दात किडला तर अख्खं घर जागवतो.
हा उंदरासारखा, भाकरी कडेकडेने कुरतडत येतो,
मधल्या घासाला शेवटी तोंड लावतो.

मी बोलतेच आहे. जुळ्यांतला दुसरा म्हणतो,
ताई, तसनीम कधीची हात वर करून बसलीय.

मी वळते, मानेने नाही, खांद्यासकट.
खरंच. दुखऱ्या हाताला तिने दुसऱ्या हाताचा टेकू दिलाय.

सांगावंच लागतं मग.
बारावीत होते, घणसोलीला राहायचो.
मीसुद्धा बेसिनच वापरलं. अकरा महिने. उजवा डोळा.
"तिकडे अंधार दिसतो?" ऋत्विज विचारतो.
अंधार दिसता तर घाबरून डॉक्टरकडे धावले असते.
तुझ्या डोक्यामागे आत्ता काय दिसतंय तुला?
तसं.
तो वळून बघतो. सगळेच वळतात.
मागे गेल्या वर्षीचं कॅलेंडर आहे, आणि आग विझवायचं लाल नळकांडं.

बोल, तसनीम.
"बाटली फ्रिजमध्ये ठेवा म्हणालात.
आमच्याकडे फ्रिज नाही.
शेजारच्या चाचींकडे आहे, पण रात्री आठला
त्या सिरियल बघतात, दार उघडत नाहीत."

माझ्या छापील कागदावर याचं उत्तर नाही.
हर्षिका म्हणते, आमच्याकडे बर्फ असतो, पेटीभर.
बर्फात नको, गोठेल.
दुसरा जुळा म्हणतो, मग साडेसातलाच जा ना.
रोज साडेसात. सकाळीसुद्धा साडेसात. चालेल का ताई?
डॉक्टरांना विचारून सांगते, मी म्हणते, पण बहुतेक चालेल.
"बरं," तसनीम म्हणते.

मी तिला टोकत नाही.
ती उठते, खुर्ची फरफटत
माझ्या डावीकडे आणून ठेवते,
आणि बसल्या बसल्या पुन्हा हात वर करते,
दिसतो का ते बघायला.