वाडीवऱ्हे, अजून चार

इगतपुरीहून निघालो तेव्हा अंधार होता
आणि पास्कूच्या बॅटरीत फक्त पास्कूचेच पाय दिसत होते.
थंडी अशी, की नमो मारिया म्हणताना
प्रत्येक मारियाची वाफ व्हायची.

घोटीला उजाडलं.
गिरणीचा कोंडा रस्ताभर उडत होता.
चहाच्या ग्लासावर बोटं शेकली, आणि उठताना
डाव्या करंगळीनं पहिल्यांदा हाक मारली.

मी ओ दिली नाही.

अकरानंतर हायवेचा तवा होतो.
समोरून द्राक्षांचे ट्रक येतात, अंगावर वारा फेकतात,
मागे डिझेल, आणि डिझेलच्या मागे
किंचित गोड काहीतरी, कुणाच्या तरी बागेतलं.
पोरं स्पीकर घेऊन कधीच पुढे गेली.
आम्ही तिघं एकाच छत्रीच्या सावलीवरून
न भांडता भांडत होतो.

गोंद्याला कारखान्याच्या गेटवर वॉचमननं विचारलं, कुठून?
वसईहून.
चालत?
चालत.
आणि कशाला?
पास्कू म्हणाला, बाळ येशूचा नवस.
सबीना म्हणाली, सवय.
मी बाटली तोंडाला लावली
आणि पाणी संपल्यावरही लावूनच ठेवली.

कारण मी बोलले होते, लिगोर उठून बसला तर चालत येईन.
लिगोर बसला नाही.
ऑक्टोबरात त्याला पोचवून आलो.
आता हे जे मी फेडते आहे
ते कोणत्या हिशेबात धरतात, फादरना विचारलं नाही.
विचारलं असतं तर ते म्हणाले असते, नको जाऊस,
आणि मला जायचं होतं.

दगडावर लिहिलंय, वाडीवऱ्हे ४.
मघाशीही चारच होते, मी शपथेवर सांगते.

रसवंतीवाल्या बाईनं माझी चाल लांबूनच ओळखली.
कुठल्या देवाला, हे विचारलं नाही.
घमेल्यात गरम पाणी, मूठभर मीठ,
आणि माझा पाय आपल्या मांडीवर घेऊन बसली
जसा कुणी दुसऱ्याचं पोर घेतं.
ब्लाऊजला टोचलेली सुई काढली, काडीवर तापवली,
फोडातून आरपार दोरा ओवला.
"दोरा आत राहू दे गं मावशी. पाणी त्याच्या मागनं येतं."
नाव विचारलं तर म्हणाली, लंका.
पैसे फक्त रसाचे घेतले, तेही तीन ग्लासांतले दोनच.

मग मोजे चढवले. लिगोरचे,
टाचेला सैल, त्यानं चालून चालून सैल केलेले.

शाळेच्या व्हरांड्यात आता सगळे आडवे झालेत.
सबीना घोरते. पास्कू अंधारात बोटांवर मोजतो,
"उद्या बावीस, मग नाशिकरोड."
फळ्यावर कुणीतरी भागाकार अर्धा सोडलाय,
बाकी काढायची राहिलीय.
मी पाय भिंतीला उंच टेकवून पडले आहे.
करंगळीत दोरा आहे, काळा,
आणि त्याच्या मागून
खरंच, थेंब थेंब
येतं आहे.