पाणी २ कॉपी

रविवार कारंजाच्या मागे, पहिला मजला.
खाली फरसाणाचं दुकान, म्हणून आमच्या सगळ्या प्रिंटना
किंचित हिंगाचा वास.
वाढदिवसाचे फ्लेक्स सर करतात.
माझ्याकडे जुनं येतं,
बुरशी लागलेलं, दुमडलेलं, अर्धं.

प्रमिला कोठावदे दोन वर्षांपूर्वी आल्या होत्या.
फोटो सोमेश्वरचा. मागे धबधबा,
खडकावर आई, वडील, पहिल्यांदाच साडी नेसलेल्या त्या
आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकून
बेलबॉटममधला भाऊ.
"याला काढ," म्हणाल्या.
भाजीवाल्याला सांगतात ना, तो नासका तेवढा बाजूला काढ,
तसं.

फोटोतल्या माणसाच्या मागे काही नसतं.
कॅमेऱ्याने तिथलं पाणी पाहिलेलंच नसतं,
ते मला करावं लागतं :
डावीकडून ओंजळभर, उजवीकडून ओंजळभर,
सांधा दिसू नये म्हणून थोडा फेस.
पाणी सोपं. पाण्याला कुणी ओळखत नाही.
खांद्याने मात्र रडवलं.
चार बोटांखाली साडीचा काठ झाकलेला,
तो मी पदरावरच्या काठावरून अंदाजाने विणला,
जरीचा एकेक ठिपका.
दोन रात्री गेल्या. सर म्हणाले, एवढं कोण बघतंय.

पण मी पुसत नाही कुणाला.
मूळ फोटो सगळ्यात तळाशी, कुलूप लावून.
त्यावर पाणी १, पाणी २, पाणी २ कॉपी,
सगळ्यात वर काठ.
प्रत्येक थराशेजारी एक बारका डोळा :
मिटला की तो थर नाही,
उघडला की आहे.
गिऱ्हाईकाला देताना सगळं दाबून सपाट करायचं,
आणि सपाट फोटोला काही विचारून उपयोग नसतो.
थरांची फाईल जड होते, डिस्क भरते, सर ओरडतात.
म्हणून मी त्या ठेवते
"लाईट बिल" नावाच्या फोल्डरमध्ये.
ते सर कधी उघडत नाहीत.

परवा गुरुवारी त्या पुन्हा आल्या.
जिन्याने गुडघा दुखावला होता, आधी नुसत्या बसून राहिल्या.
मग : "ती फाईल आहे का गं अजून?"
भाऊ आहे की गेला, मी विचारलं नाही.
कपाळावर काही लिहिलेलं नव्हतं.

पाण्याचे डोळे एकेक मिटत गेले.
आधी केस आले, मग कॉलर,
मग शर्टाच्या चौकटी.
त्यांनी चष्मा पदराने पुसला.
"बंद कर." केला.
"उघड." उघडला.
"बंद कर."
असं किती वेळ चाललं कोण जाणे,
लहान पोर दिव्याच्या बटणाशी खेळतं तसं,
खालून तळणीचा चर्र आवाज, आणि वर तो
पाण्यात जातोय, पाण्यातून येतोय.

मग म्हणाल्या,
"तो नको. हात तेवढा राहू दे."

मी त्यांच्याकडे पाहिलं.
त्या स्क्रीनकडे पाहत होत्या.

काठाचा डोळा मिटला. माझ्या दोन रात्री गेल्या.
पाण्याच्या तिन्ही थरांना मास्क लावला,
काळा ब्रश, कड मऊ,
आणि बोटांपासून हळूहळू मनगटाकडे
पाणी उकरत गेले.
मनगटावर घड्याळ लागलं.
"हे ठेवू?"
पहिल्यांदाच हसल्या.
"वडिलांचं ते. त्यावरनंच तर सुरुवात झाली."
जरा थांबून :
"ठेव."

घड्याळाच्या वर, अर्ध्या इंचावर, मी थांबले.
तिथून पुढे पुन्हा माझं पाणी.

प्रिंट बाहेर आली तशी सरांनी उचलली,
ट्यूबलाईटखाली धरली, डोळे बारीक केले.
"हे काय गं, हात राहिला की पुसायचा."

कोठावदे बाई पर्समध्ये पैसे मोजत होत्या.
ऐंशी रुपये.
सुटे निघाले.