दुमाडचा फाटा

नकाशावर हा उंदराच्या शेपटाएवढा.
धायबरमामा मोजणीला जायचे तेव्हा
साखळी एरंडीत अडकायची
आणि बांधावरून जशीबेन विचारायची,
"साहेब, रस्तो क्यां जाय छे?"
मामा आपल्या दांडिया बाजारच्या मराठीत म्हणायचे,
"कुठं नाही, बाई. नुसता जोडतो."

मोठा रस्ता अहमदाबादहून सुसाट येतो.
बडोदं आलं, हे त्याला सांगणार कोण?
म्हणून हा.
शंभराचे ऐंशी, ऐंशीचे चाळीस,
मग गतिरोधक, मग म्हशी,
मग कुणाची तरी शेवउसळीची गाडी.

काही वर्षं तर तो मध्येच संपायचा:
डांबराची चार पिंपं, लाल फडकं,
पलीकडे एरंडी तशीच.
तिथं मी स्कूटर शिकलो.
मामा मागं बसून गुडघ्यानं ढोसायचे,
"पिंपं दिसतायत ना? मग आत्तापासून सोड."

परवा त्यांना अहमदाबादच्या इस्पितळातून आणलं,
याच फाट्यानं.
टोलवाल्यानं काच खाली करायलाही लावली नाही.
पिंपं होती त्या जागी
ड्रायव्हरनं उगाच वेग कमी केला.
बाहेर जशीबेनची सून
कुणाला तरी उसळीवर तर्री वाढत होती.