दहा किलोच्या खाली

सावद्याच्या वजनकाट्यावर
केळीचे ट्रक आधी रिकामे येतात, मग भरून.
दोन्ही वेळा मी पावती फाडते.
मधल्या वेळात फळा.

फळा भावाचा आहे.
नवती, पिलबाग, वापसी,
समोर आकडे, ते रोज मालक सांगतात.
खाली वीतभर काळी जागा उरते.
तिथं मी चार ओळी लिहिते.
अकरा वर्षं झाली.
कुणी लिही म्हटलं नव्हतं,
म्हणून कुणाला नको म्हणता आलं नाही.

पहिल्या दिवशी लिहिलं होतं,
समोरच्या निंबावर कावळीनं
घरट्यात बांधणीची तार घातली आहे,
सुतळी पायाशी पडलेली असताना.
लीलाधर मापारी चष्मा वर करून म्हणाला,
हे काय लिवलं वो ताई, भाव कुठंय?
भाव वरच होता.

लोक भाव वाचतात
आणि मान खाली यायच्या आत निघतात.
यात त्यांचं काही चुकत नाही.
क्विंटलमागे पन्नास उतरले
तर कावळीचं कोण वाचेल, मीही नाही वाचणार.

एक गुरमेल तेवढा.
पंधरा-वीस दिवसांनी दिल्लीचा माल न्यायला येतो,
हात मागं बांधून फळ्यापुढं उभा राहतो,
डोळे शेवटच्या ओळीपर्यंत नेतो,
मान हलवतो.
त्याला मराठी येत नाही.

गेल्या वैशाखात थांबले.
कारण विचाराल तर सांगण्यासारखं नाही.
पारा सेहेचाळीसवर,
घामानं खडू बोटांत ओला होऊन मोडायचा,
आणि एका दुपारी वाटलं,
मोडला तर मोडला.
दुसऱ्या दिवशीही वाटलं.
असे नऊ दिवस.
कुणी विचारेल म्हणून
मी खिडकीशी कान लावून बसायचे, हे खोटं कशाला सांगू.
दहाव्या दिवशी चहावाला ईश्वर म्हणाला,
ताई, खालची जागा रिकामीच आहे,
तर मामाच्या शिकवणीचा कागद डकवू का?
डकव म्हटलं.
दहावी गणित, शंभर टक्के निकाल.
संध्याकाळच्या वावटळीत तो सुकी नदीकडं उडाला,
ईश्वर काही अंतर मागे पळाला, मग थांबला.

त्या रात्री आठवू गेले तर
त्या नऊ दिवसांतलं मला काहीच सांगता येईना.
निंब होता का? असणार.
कावळी? कोण जाणे.
मी बारा-बारा तास तिथंच होते,
माझ्या सहीच्या पावत्या आहेत.

ट्रक नव्हता, म्हणून
जुन्या वह्या काढल्या. फळा पुसायच्या आधी
त्या चार ओळी मी वहीत उतरवून घेते, सात वह्या भरल्यात.
काट्यावर एकटी उभी राहिले.
आत जाऊन आकडा पाहायचा तर काट्यावर कोण राहणार,
म्हणून ईश्वरला झोपेतून उठवलं.
तो ओरडला, साठ!
मग वह्या छातीशी धरून उभी राहिले.
साठ!
परत बघ.
साठच आहे ना ताई, झोपू का आता?

आमचा काटा दहा किलोच्या खालचं
काही दाखवत नाही.
हे मला अकरा वर्षं माहीत आहे,
गिऱ्हाइकांना मीच समजावते.
तरी त्या लोखंडावर, मध्यरात्री,
मी थोडा वेळ तशीच उभी राहिले.
पत्रा अजून गरम होता,
चपलेतून चटका लागत होता.
सातपुड्यावर कुठंतरी वणवा, लांबून दिसायला बारीक,
शिवणीतून उसवलेल्या लाल दोऱ्यासारखा.

हे उद्या, असं मनात आलं.
म्हणजे फळ्यावर.

सकाळी नवती उतरली होती, पिलबाग तशीच.
खाली लिहिलं, सातपुड्याला रात्री
कुणीतरी लाल दोऱ्यानं
पहिली ओळ जास्त तिरकी गेली, पुसली.
पुन्हा सातपुड्याला र
बाहेर हॉर्न.
गाडी भरलेली, चिकाचे डाग दरवाजापर्यंत.
खडू कानामागं खोचला
आणि पावती पुस्तक उघडलं.