बूच

सकाळी साडेसहाला मिरजेला उतरल्या सोफीपबाई,
पाठीवर पिशवी, हातात संस्थेचं पिवळं फोल्डर,
थेट मेकाँगकाठच्या कुठल्याशा गावातून.
मी त्यांची दुभाषी. दिवसाचे आठशे,
शाळेतून बिनपगारी रजा.
इंग्रजी त्यांचंही उसनं, माझंही.
दोघींनी ते शेजारणीची कपबशी धरावी
तसं जपून धरलं होतं.

आधी गाव दाखवलं.
मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघालेले,
हमालांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या.
बाईंनी एक हळकुंड मोडून हुंगलं
आणि त्यांच्या भाषेत एकच शब्द म्हणाल्या,
मला नाही, हळकुंडाला.

हरिपूरच्या वाटेवर पेवांचं सांगितलं:
जमिनीच्या पोटातली कोठारं,
वर्षानुवर्षं हळद सांभाळणारी,
एका पुरात पाणी पिऊन बसली.
'पिऊन बसली' इंग्रजीत कसं म्हणायचं?
मी 'भरली' म्हणाले.

पाहणी क्रमांक एक: शिवण केंद्र.
मशिनी अकरा, चालू सात,
दोनांवर पोरांची दप्तरं.
बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आलेल्या.
राबिया मुजावरनं उशीचा अभ्रा भेट दिला,
त्यावर इंग्रजीत 'वेलकम', एक अक्षर जास्त.
फोल्डरमधला प्रश्न:
जीवनमान किती टक्क्यांनी सुधारलं?
मी विचारलं, "मशिनीचा काही उपयोग होतोय का गं?"
उत्तर पाऊण तास चाललं:
वीज, जावई, दोऱ्याचा भाव, मणक्याचं दुखणं.
मी बाईंना सांगितलं, "थोडा."

त्यांनी फोल्डर मिटलं.
भिंतीवर पुराची रेघ होती,
तिला पाठ लावून उभ्या राहिल्या.
रेघ डोक्याच्या वर हातभर.
म्हणाल्या, आमच्याकडे एक नदी
वर्षातून एकदा उलटी वाहते,
तळं फुगतं, मासळी येते.
गोदाक्का पानाचा तोबरा सावरत म्हणाली,
"आमच्याकडं बी उलटीच आल्ती की.
नदीकडनं न्हाई, मोरीतनं."
हे मला जसंच्या तसं सांगता आलं.
सगळ्याजणी एकदमच हसल्या.

पाहणी क्रमांक दोन: बचाव नौका.
ग्रामपंचायतीच्या मागे, उन्हात, विटांवर.
नारिंगी रंग, बाजूवर दात्यांची नावं,
आत कुणाच्या तरी मिरच्या वाळत.
इंजिन कुलपात. किल्लीवाला बारशाला कवठ्याला.
सरपंचांनी हार आणलेला,
फोटोवाला सांगून ठेवलेला.

बाईंनी चपला काढल्या.
मिरच्या दोन्ही हातांनी बाजूला सारल्या,
तळाला मुठीनं ठोकत गेल्या
कलिंगड बघतात तसं,
आणि मागच्या टोकाला, खाली, बोट घातलं.
बोट पलीकडे निघालं.
"प्लग," म्हणाल्या.
मी सांगितलं, प्लग नाही म्हणतात.
"इंजिनाचा?" सरपंच म्हणाले, "हाय की, कपाटात."
यशवंत अंबी मात्र,
पूल नव्हता तेव्हा ज्याच्या घराण्यानं माणसं पार केली,
उकिडवा बसला, भोक बघितलं.
"बूच," म्हणाला. "बूचच न्हाई ओ हिला."

तीन वर्षं.

फोटोवाल्यानं तरी फोटो काढला:
सगळे खाली वाकलेले, चेहरा कुणाचाच नाही,
हार सरपंचांच्या मनगटाला.

संध्याकाळी गणपती पेठेत, हार्डवेअरच्या दुकानात
बाईंनी रबरी बुचं घेतली, चार.
एक अंगठ्यानं दाबून, एक दातानं चावून पाहिलं.
पस्तीसला एक. बिल नको म्हणाल्या,
फोल्डरात त्याला रकाना नव्हता.

आयर्विन पुलावर भडंगाचा पुडा घेऊन
दोघी उभ्या होतो.
आम्ही सांगलीकर पूर फुटांत सांगतो,
खाली तसे आकडे रंगवलेत;
उन्हाळ्यातली नदी एकालाही न शिवता चाललेली.
कुठवर आलं होतं, बाईंनी विचारलं.
दाखवायला मी हात वर केला
आणि कुठे थांबवायचा ते कळेना.

गाडी साडेनऊची होती.
तीन बुचं यशवंत अंबीला पोचवली.
चौथं माझ्या पर्समध्येच आहे, किल्ल्यांबरोबर.
वर्गात खडू शोधताना हाताला लागतं.
नेऊन द्यायचंय.